डोळे उघडे, पण हजर आहे का? कमी दिवसांच्या बाळाचं लक्ष ओळखायला शिकताना

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. हजेरीपत्रकासारखे उभे रकाने मी तिच्यात पट्टीने आखले होते. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात शेवटचं दूध कधी पाजलं, तिसऱ्यात १ ते ६ मधला एक आकडा आणि चौथ्यात दोन-चार शब्द. ‘जांभई. बोटं फाकली.’ ‘माझ्याकडे बघितलं, मोजून सात.’ ‘लाल झाली, ठेवून दिली.’ २०२२ च्या ऑगस्टपासून पुढचे सहा महिने ही वही माझ्या उशाशी होती. ज्यांच्या घरी कमी दिवसांचं बाळ आलं आहे आणि ज्यांच्या फाइलमध्ये ‘ब्लीड’, ‘आयव्हीएच’ (मेंदूतल्या पोकळीतला रक्तस्राव) किंवा ‘पीव्हीएल’ (पोकळीभोवतीच्या पांढऱ्या भागाची जखम) असा एखादा शब्द लिहिलेला आहे, त्यांच्यासाठी ती आज उघडते आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांचं लक्ष कुठे आहे हे ओळखणं माझं रोजचं काम. डोळे फळ्याकडे आणि मन घरामागच्या काजूच्या बागेत, असं मूल मला वर्गाच्या दारातूनच कळतं. माझ्या स्वतःच्या मुलीचं मात्र मला तीन आठवडे कळलं नाही.

घरी आम्ही तिला बाय म्हणतो. तिचा जन्म १४ जूनचा, पुऱ्या २९ आठवड्यांचा, वजन १,१५० ग्रॅम. पावसाच्या रात्री १०८ च्या गाडीतून बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) गेलो होतो. तिसऱ्या दिवशी तिच्या टाळूवर प्रोब ठेवून सोनोग्राफी केली. डाव्या बाजूला रक्तस्राव, ग्रेड २. चार आठवड्यांनी पुन्हा केली तेव्हा मेंदूतल्या पोकळीभोवतीचा भाग नेहमीपेक्षा पांढरा दिसत होता, पण भोकं नव्हती. ‘पुढे काय?’ विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ‘बघत राहायचं.’ बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे मला नंतर एका नर्सने आणि एका थेरपिस्टबाईंनी शिकवलं.

डोक्यात काय झालेलं असतं

मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात. बाळ गर्भात असताना त्या पोकळ्यांच्या कडेला नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो, त्याचं नाव जर्मिनल मॅट्रिक्स. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार पातळ. ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत हा थर आपोआप विरत जातो. त्याआधीच बाळ बाहेर आलं आणि श्वास किंवा रक्तदाब वरखाली झाला, की त्या वाहिन्या फुटू शकतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतात. रक्त त्या थरापुरतंच राहिलं तर ग्रेड १, पोकळीत उतरलं तर २, पोकळी फुगली तर ३ आणि शेजारच्या मेंदूत जखम झाली तर ४. पहिल्या दोन ग्रेडची पुष्कळ बाळं छान वाढतात. तिसऱ्या-चौथ्यात धोका जास्त. पण ग्रेड म्हणजे निकालपत्र नव्हे, हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

दुसरी जखम, पीव्हीएल, रक्त न सांडताच होते. मेंदूतल्या तारांवर आवरण चढवणाऱ्या पेशी २३ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान अजून कोवळ्या असतात. रक्तपुरवठा कमी पडला किंवा जंतुसंसर्गाने सूज आली, की पहिला फटका त्यांना. या जखमेची भोकं दिसायची झाली तर दोन ते चार आठवड्यांनी दिसतात. म्हणून पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी चांगली आली तरी पुढची चुकवू नका. मूळ तारखेच्या, म्हणजे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या, सुमारास आणखी एक करतात, ती आवर्जून मागून घ्या.

आता याचा लक्षाशी संबंध काय? जाग येते ती मेंदूच्या बुंध्यातून. तिथून ती थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर जाते आणि तिथून पांढऱ्या तारांवरून वरच्या मेंदूत. नेमका हाच रस्ता त्या जखमी भागाला लागून जातो.

माझं माहेर चोडणचं. आमच्याकडे खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. माणसाने उभं राहून उघडझाप करावी लागत नाही. नीट दिवस भरलेल्या बाळाची मानस बऱ्यापैकी अशीच चालते. आवाज फार झाला की ते झोपेत शिरतं, उजेड तोच तोच असेल तर त्याची दखल घेणं सोडून देतं, निवांत वाटलं की डोळे उघडून बघतं. कमी दिवसांच्या बाळाची दारं अजून बसवलेलीच नसतात, आणि वर जखम झाली असेल तर बिजागरी सैल. मग कधी खारं पाणी शेतभर, कधी दारं मिटली ती उघडतच नाहीत. तुमचं काम काही महिने त्या मानशीपाशी उभं राहण्याचं आहे. शिकवण्याचं काम नंतर.

मी नेमकं उलट केलं. तिला २ ऑगस्टला घरी आणलं, १,८२० ग्रॅम, ३६ आठवडे. ‘मेंदूला चालना द्यायला हवी’ असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कार्डं मी स्वतः कापली आणि दर जागेपणी तिच्यापुढे धरली. खुळखुळा वाजवला, गाणं म्हटलं, सगळं एकदम. ती टक लावून बघायची. मला वाटायचं, किती लक्ष देते! चौथ्या दिवसापासून ती दूध अर्धवट सोडू लागली. आठवड्याचं वजन जेमतेम चाळीस ग्रॅमने वाढलं. ज्या दवाखान्यात दाखवलं, तिथले डॉक्टर म्हणाले, ‘किती शांत बाळ आहे, नशीबवान आहात.’ मी ते मानून घरी आले. त्यात माझे आणखी दहा दिवस गेले.

आधी आकडा ओळखा

नवजात बाळाच्या सहा अवस्था मानतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांची १९७३ ची तपासणी याच सहांवर उभी आहे. १ म्हणजे गाढ झोप: श्वास एकसारखा, अंग सैल. २ म्हणजे हलकी झोप: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, मधेच हसू येतं, श्वास कमीजास्त. ३ पेंग. ४ शांत जाग: डोळे चमकदार, अंग स्थिर, चेहरा मोकळा. ५ चळवळ: हातपाय चालू, कुरकूर. ६ रडणं.

तुमच्या बाळाच्या पाळण्याशेजारी दिवसातून पाच-सहा वेळा नुसतं दोन मिनिटं बसा, हात न लावता, आणि आकडा लिहा. पहिले तीन दिवस एवढंच करा. कमी दिवसांचं बाळ बहुतेक वेळ २ मध्येच असतं आणि ते चांगलंच आहे, त्या झोपेत त्याचा मेंदू वाढतो. ‘बघू तरी डोळे उघडते का’ म्हणून कुणालाही तिला उठवू देऊ नका, आत्याला नाही, मामाला नाही. डॉक्टरांनी दिलेल्या दुधाच्या वेळा मात्र पाळायच्याच, झोप असली तरी.

या बाळांचे आकडे पुसट असतात. २ आणि ३ मधला फरक कळत नाही, ४ वरून थेट ६ वर उडी जाते. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात ‘४’ दिवसातून एकदा-दोनदा आहे, तोही एक-दोन मिनिटांचा. त्याने घाबरून जाऊ नका. जसजशी मूळ तारीख जवळ येते तसतसे आकडे एकमेकांपासून सुटे होत जातात. ते सुटे होताहेत का, हेच वहीत शोधायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने मला फसवलं ते. डोळे उघडे असणं म्हणजे ४ नव्हे. एक प्रकार असा, की डोळे उघडे पण त्यांवर काचेसारखी साय, नजर तुमच्या आरपार, चेहऱ्यावर काही नाही. हे बाळ दमून आत गेलेलं आहे. दुसरा प्रकार उलटा: डोळे वाजवीपेक्षा मोठे, भुवया वर, नजर एका गोष्टीला चिकटलेली. त्याला तिथून नजर सोडवता येत नाही. बाय माझ्या कार्डांकडे अशी बघत होती. बघणं जसं लक्ष, तसं बघणं सोडता येणं हेही लक्षच. खऱ्या ४ मधलं बाळ बघतं, क्षणभर बाजूला बघतं, विसावतं, परत येतं. वर्गातलं मूलही असंच करतं. सलग चाळीस मिनिटं फळ्याकडे टक लावून बसलेल्या मुलाची मला काळजी वाटते.

एका वेळी एकच गोष्ट, आणि थांबणं

इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात एक सिस्टर रात्रपाळीला असायच्या. बाय मांडीवर होती. मी ‘बाय, बाय, हांगा पळय’ (इकडे बघ) करत तिच्या तोंडावर वाकले. सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘मातशें राव. तें येतलें.’ (जरा थांब. ते येईल.) मग त्यांनी डोक्यावरचा दिवा बंद केला, तिच्या पायांच्या तळव्यांना आपला एक तळहात टेकवला, दुसरा डोक्यामागे. बोलल्या नाहीत. मी मनात आकडे मोजत होते. चौतिसाव्या आकड्याला बायने पापण्या उचलल्या, माझ्या हनुवटीपासून वर वर येत डोळ्यांपर्यंत आली, तोंडाचा ‘ओ’ झाला. सात मोजेपर्यंत तिथे राहिली. मग बाजूला बघितलं. सिस्टर म्हणाल्या, ‘आता पुरे.’ मला ते तेव्हा गोड वाटलं. कळलं महिन्याभराने, कार्डं कपाटात ठेवल्यावर.

तीच पद्धत सांगते. आधी अंग गोळा करा: गुडघे पोटाकडे, हात छातीवर किंवा तोंडाजवळ, मऊ सुती कपड्यात सैलसर गुंडाळलेले, खुबे हलते राहतील असे. खिडकीचा उजेड तुमच्या पाठीमागून नव्हे, बाजूने यावा. टीव्ही बंद, पंखा चालेल. तुमचा चेहरा तिच्यापासून २० ते ३० सेंटीमीटरवर आणा, म्हणजे अंगावर पाजताना असतो तेवढ्याच अंतरावर. आणि गप्प राहा. तिने बघितलं, टिकली, तर मग हळू आवाजात एक वाक्य. आवाज दिला की चेहरा तसाच ठेवा, मान हलवू नका. चेहरा, आवाज, हलवणं आणि थोपटणं या चार गोष्टी आहेत. यांतल्या दोन एकत्र पेलायला बायला मूळ तारखेनंतर पाच आठवडे लागले. तुमच्या बाळाला कमी लागतील किंवा जास्त.

थांबायचं कधी हे बाळ सांगतं, फक्त बोलत नाही. जांभई, शिंक, उचकी एकापाठोपाठ, बोटं फाकवून पंजा पुढे, पोलीस गाड्या थांबवतो तसा, कपाळावर आठ्या, पाठीची कमान, त्वचेवर लालपांढरी जाळी, श्वासाची गती बदलणं. यांतलं एक दिसलं तर आपण गप्प व्हायचं. दोन दिसली तर नजरही काढून घ्यायची, हात डोक्यावर आणि पायांवर नुसते टेकवून ठेवायचे, थोपटायचे नाहीत. तीन दिसली तर खेळ संपला. आजीला हे पटवणं सगळ्यात अवघड. आमच्या सासूबाई म्हणत, ‘उचकी म्हणजे आतडं वाढतंय.’ मी वाद घातला नाही. वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आई, उचकीनंतर पुढच्या अर्ध्या तासात काय होतं ते तुम्हीच लिहा. चार दिवसांनी त्या स्वतःच पाहुण्यांना दारात अडवू लागल्या.

दुधाआधी की दुधानंतर

या रकान्याने मला सर्वांत जास्त शिकवलं. न्यूयॉर्कमधले ज्युडिथ गार्डनर आणि बर्नार्ड कार्मेल या संशोधकांनी नवजात बाळांना वेगवेगळ्या गतीने लुकलुकणारे दिवे दाखवले, एकदा दुधाआधी आणि एकदा दुधानंतर. निरोगी बाळं दुधाआधी, म्हणजे आतून आधीच ताणलेली असताना, मंद गतीकडे बघत. पोट भरून स्थिरावल्यावर तीच बाळं जलद गतीकडे वळत. म्हणजे आतली भरती किती आहे ते पाहून बाहेरचं पाणी किती घ्यायचं हे बाळ स्वतः ठरवत होतं. ज्यांच्या मेंदूला जखम होती, त्यांच्यात हा बदल तसा दिसला नाही. मानशीचीच गोष्ट ही.

घरी दिवे लुकलुकवायचे नाहीत, हे स्पष्ट सांगते. तुम्ही फक्त वेळ जुळवायची. भूक लागली असताना बाळाकडून काहीही मागू नका. अंधार, गप्प मांडी आणि दूध एवढंच. दूध झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, ढेकर येऊ द्या, आणि मग ४ आला तर ती तुमची वेळ. आमच्या वहीत पहिल्या महिन्यातले जवळपास सगळे चांगले ‘४’ सकाळच्या दुधानंतरचे आहेत, पाखरं बोलायला लागली की. संध्याकाळी सातनंतर एकही नाही. तेव्हा मी संध्याकाळी प्रयत्न करणंच सोडलं.

मिटलेली दारं आणि उघडी दारं

काही बाळं उठतच नाहीत. पाजायला घेतलं की तीन घोट आणि पेंग. त्यांना तळव्यांवर टिचक्या मारून किंवा गार पाणी लावून जागं करायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. झटका बसून बाळ डोळे उघडतं, पण ते दचकणं असतं, आणि दुसऱ्या मिनिटाला ते आणखी खोल जातं. त्याऐवजी गुंडाळलेलं सोडा, लंगोट बदला, खांद्याशी उभं धरा. उभं धरल्याने बरीच बाळं आपसूक जागी होतात. पाठीवरून तळहात सावकाश, थोडा दाब देऊन खाली न्या. पिसासारखा हलका स्पर्श या बाळांना सोसत नाही, तो गुदगुल्यांसारखा बोचतो. मालीश करतानाही हेच लक्षात ठेवा.

काही बाळं मिटतच नाहीत. साध्या पिशवीच्या आवाजाने दोन्ही हात उडतात, दहाव्यांदा तोच आवाज झाला तरी उडतात. नेहमीचं बाळ चार-पाच वेळांनंतर सोडून देतं. अशा बाळाचा दिवस मोजूनमापून रिकामा ठेवा. आंघोळ हे त्याच्यासाठी लग्नघर असतं: पाणी, हवा, हात, तेल, धुरी, सगळं एकदम. आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना मी हात जोडून नाही म्हटलं. आठवड्यातून दोनदा, कपड्यात गुंडाळूनच कोमट पाण्यात बसवायचं, एक एक हात-पाय बाहेर काढून पुसायचा आणि आत घ्यायचा. धुरी अजिबात नाही. आंघोळीच्या दिवशी दुसरं काही नाही, लसही नाही, पाहुणेही नाहीत.

दोन्ही प्रकारांवर एकच औषध चालतं, ते म्हणजे छातीशी धरणं. कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आज दिवसाला ८ ते २४ तास सांगते. आईच्या उघड्या छातीवर उघडं बाळ, फक्त लंगोट आणि टोपी, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून कापड बांधलेलं. बाळाची झोप सुटसुटीत होते, श्वास स्थिरावतो. मी थकले की बायचे बाबा सोप्यावर आरामखुर्चीत तिला घेऊन बसत. ते खाणीवर ट्रक चालवायचे, हात राकट, सुरुवातीला घाबरत. पण तिचे सगळ्यात लांब ‘१’ त्यांच्या छातीवरचे आहेत. घेणारा स्वतः जागा हवा, सोफ्यावर बाळ घेऊन झोपी जाणं धोक्याचं. पाळण्यात मात्र नेहमी पाठीवरच झोपवा.

चवथीचा दिवस

तिची मूळ तारीख ३० ऑगस्ट. ३१ ला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. घर भरलेलं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधलेली, दीर-भावजया मुंबईहून आलेले. मी ठरवलं होतं की तिला मागच्या खोलीत ठेवायचं. पण पहिल्याच आरतीला मोठ्या आत्यांनी ‘देवाच्या पायांवर घाल’ म्हणून तिला बाहेर नेलं. घुमट आणि शामेळ ही आमची चामड्याची वाद्यं, सोबत झांजा. मी स्वयंपाकघरातून धावत गेले तेव्हा आत्या आनंदाने म्हणाल्या, ‘बघ, कशी गाढ झोपली आहे! घुमट आवडतो तिला.’

मी तिच्याकडे बघितलं. डोळे घट्ट मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या. मुठी पांढऱ्या होईपर्यंत आवळलेल्या. ओठांभोवती फिकट, श्वास उथळ आणि भरभर. ही झोप नव्हती. दारं धाडकन मिटलेली होती. मी तिला उचललं, काही न बोलता न्हाणीच्या मागच्या पडवीत गेले, ब्लाउज सोडून छातीशी घेतलं. पावसाची रिपरिप चालू होती. वीस मिनिटांनी मूठ सुटली. त्या रात्री तिने दोन वेळा दूध नाकारलं, आणि दुसऱ्या दिवशी वहीत एकही ४ नाही.

तेव्हा सणासुदीला घर भरणार असेल तर आधीच एक माणूस नेमा, ज्याचं काम फक्त बाळाची खोली. आरतीच्या वेळी बाळ छातीशी बांधून शेजारच्या घरी जा. देव समजून घेतो. माणसांना समजावायला वेळ लागतो, म्हणून आधी सांगा.

लक्ष नाही, की दिसत-ऐकू येत नाही?

हे तपासल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. २८ आठवड्यांखालच्या किंवा १,२०० ग्रॅमखालच्या बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच. कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या या पडद्याच्या आजाराला आरओपी म्हणतात. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. एक तपासणी पुरत नाही, ‘आता पुरे’ असं डोळ्यांचे डॉक्टर लिहून देईपर्यंत जायचं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाच्या कानांची तपासणी डोक्याला तारा लावून करतात ती हवी. नुसती कानात छोटं बोंड घालून केलेली पुरेशी नाही, कारण ती कानापासून मेंदूकडे जाणारी नस तपासत नाही. साखर खूप खाली गेलेली असेल तर डोळा चांगला असूनही मेंदूचा बघण्याचा भाग दुखावलेला असू शकतो. फाइलमध्ये तशी नोंद असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर वही बाजूला टाका आणि इस्पितळ गाठा, रात्र असली तरी: श्वास थांबणं, ओठ निळे, अंग गार किंवा तापलेलं, दोन वेळा सलग दूध न घेणं, एरवीपेक्षा जास्त सुस्ती. टाळू फुगलेली, सारख्या उलट्या, बुबुळं खाली झुकलेली आणि वर पांढरं दिसणं. एका बाजूचा हात किंवा पाय ठरावीक लयीत झटकणं, जो आपण हाताने धरला तरी थांबत नाही. सायकल चालवल्यासारखे पाय, चोखल्यासारखं तोंड आणि त्याच वेळी एकाच जागी खिळलेले डोळे. ही आकडी असू शकते, मोबाइलवर चित्रण घ्या आणि निघा. रक्तस्राव झालेल्या बाळाच्या डोक्याचा घेर दर आठवड्याला त्याच टेपने, कपाळाच्या आणि मागच्या सगळ्यात उंच जागेवरून मोजा. आठवड्याला सुमारे एक सेंटीमीटरपेक्षा झपाट्याने वाढत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पुढचे महिने

वय मोजताना मूळ तारखेपासून मोजा. बाय जन्मून पाच महिने झाले तेव्हा तिचं सुधारित वय अडीच महिने होतं, आणि अडीच महिन्यांच्या बाळाकडूनच अपेक्षा करायची. सुधारित तीन महिन्यांच्या सुमारास तिच्या हालचालींचं चित्रण करून तपासणी झाली. या वयात निरोगी बाळाच्या मान, मनगट, घोट्यांत बारीक बारीक सुरेख चुळबूळ सतत चालते. ती असणं ही चांगली खूण. तुमच्या डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रं असतात. थेरपी तिथे मोफत मिळते, ‘दोष दिसला की जाऊ’ म्हणून थांबू नका, फाइल घेऊन आधीच नाव घाला.

वही मी चौथ्या महिन्यानंतर सैल केली. तोवर ती चेहऱ्यावरून खुळखुळ्याकडे आणि परत चेहऱ्याकडे नजर नेऊ लागली होती. शाळेच्या वयापर्यंत लक्ष ठेवायचंच, कारण कमी दिवसांच्या मुलांना लक्ष टिकवण्याची अडचण इतरांपेक्षा जास्त येते, आणि ती बहुधा धांगडधिंग्यातून दिसत नाही. ही मुलं वर्गात शांत बसतात आणि आत हरवतात, शिक्षकांना वाटतं समजदार आहे. म्हणून बालवाडीच्या पहिल्या दिवशीच बाईंना जन्माची गोष्ट सांगा. मी आता माझ्या वर्गातल्या प्रत्येक शांत मुलाच्या आईला जन्माचे आठवडे विचारते.

पुढच्या चवथीला बाय वर्षाची झाली होती. आरतीला ती बाबांच्या खांद्यावर, सोप्याच्या अगदी टोकाला, दाराजवळ. घुमट वाजला तशी दचकली, मग बघत राहिली. दुसऱ्या आरतीला मान वळवून बाहेर अंगणातल्या तुळशीकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं. तिसऱ्या आरतीला तिने तोंड बाबांच्या मानेत खुपसलं आणि एक हात दाराकडे केला. ते तिला घेऊन अंगणात गेले.